थोड्या जागेत चांगली न्हाणी



आज आम्ही तुमच्याशी न्हाणीविषयी बोलणार आहोत. कोणी तिला मोरी म्हणते, कोणी न्हाणीघर म्हणते, पोरे बाथरूम म्हणतात. नाव काहीही घ्या. माणसाला अंग धुवायला आडोसा हवा, ही त्यातली मुख्य गोष्ट.

तुम्ही म्हणाल, हा काय व्याख्यानाचा विषय झाला? पण जरा विचार करा. पुरुष माणूस विहिरीवर जातो, मोटारीच्या धारेखाली बसतो, त्याचे अडत नाही. घरातल्या बायकांचे काय? आडोसा नाही म्हणून त्या उजाडायच्या आत उठतात. खाट उभी करून तिच्या आड, अंगावरच्या लुगड्यासकट दोन तांबे ओतून घेतात. अंग नीट धुतले जात नाही. ओल्या कपड्याने नायटा बळावतो. बाळंतीण, म्हातारी, वयात आलेली मुलगी, यांचे हाल तर विचारूच नका.

२०१४ साली स्वच्छ भारत मोहीम सुरू झाली. संडासासाठी १२,००० रुपये मिळू लागले. आपल्या धुळे-जळगावकडच्या खेड्यांत पुष्कळ संडास उभे राहिले. फार चांगले झाले. पण न्हाणी मागेच राहिली. का, म्हणून विचारले की एकच उत्तर मिळते, "गुरजी, जागाच नही ना!"

जागा कमी आहे हे खरे. पण आहे ती जागाही आपण वाया घालवतो, हे त्याहून खरे. कसे, ते पाहू.

आपल्या धाब्याच्या घरात एका कोपऱ्यात जुनी मोरी असते. समजा ती ४ फूट रुंद आणि ५ फूट लांब आहे. शाळेत आम्ही मुलांना क्षेत्रफळ शिकवीत असू. ४ पाचे २०. म्हणजे २० चौरस फूट जागा झाली. एका माणसाला आंघोळीला ही पुरे. मग ती अपुरी का वाटते? आत नजर टाका. एका बाजूला घागरी. दुसऱ्या बाजूला भांडी घासायची राख. कोपऱ्यात सरपण. कुठे कुठे तर कापसावर फवारायच्या औषधाची बाटलीही तिथेच! ती बाटली आजच हलवा. पोराच्या हाती लागली तर जीव जाईल. ती कुलपात ठेवा. सरपण बाहेर न्या. भांडी घासायचा दगड अंगणात न्या. एक पैसाही खर्च न करता निम्मी मोरी मोकळी होईल.

आता माप घ्या. गवंड्याला बोलावण्याआधी जमिनीवर राखेने रेघा मारा. आत पाट ठेवा, बादली ठेवा, आणि घरातल्या सगळ्यांत जाड माणसाला तिथे बसवा. तांब्या डोक्यावर नेताना कोपर रेघेबाहेर जाते काय? मग आजीला बसवा. तिला उठताना हात टेकायला काय लागते, ते पाहा. ही परीक्षा फुकटची आहे. भिंत बांधल्यावर मात्र ती महाग पडते.

दुसरी गोष्ट दाराची. दार २ फूट रुंद असेल आणि आत उघडत असेल, तर उघडताना ते सुमारे ३ चौरस फूट जागा खाते. तेवढ्यात तुमची बादली राहील. म्हणून दार बाहेर उघडणारे करा. याला आणखी एक मोठे कारण आहे. आत कोणी घसरून पडले, तर अंग दाराला अडते. दार आत उघडणारे असेल तर बाहेरच्यांना ते लोटता येत नाही. माणूस आत विव्हळतो आणि आपण बाहेर उभे! बाहेर गल्ली असेल, दार लोकांना लागत असेल, तर सरकते दार करा. कडी आतून हवीच. पण अगदी थकल्या माणसाने कडी लावू नये. दाराला बाहेरून पंचा अडकवावा. आत कोणी आहे, ही खूण सगळ्यांना कळते.

तिसरी गोष्ट. जमीन पायांसाठी मोकळी ठेवा, सामान भिंतीला द्या. आपल्या मातीच्या भिंती चांगल्या हातभर जाड असतात. त्यांत पूर्वीपासून कोनाडे करतात. साबण, तेल, पोरांचे सामान कोनाड्यात राहील. मात्र कोनाडा तुळईच्या खाली खोदू नका. तिथे धाब्याचा भार असतो. कपड्यांची खुंटी दाराजवळ उंच ठोका, म्हणजे शिंतोडे उडत नाहीत. आजीसाठी भिंतीत एक लोखंडी नळी घट्ट बसवा, म्हणजे ती धरून उठता येईल.

आता पाण्याचा बंदोबस्त. पांढऱ्या मातीच्या भिंतीत पाणी मुरले की ती फुगते. फुगलेल्या भिंतीला धाबे पेलत नाही. म्हणून आतून ३ फूट उंचीपर्यंत सिमेंटचा गिलावा करा, नाही तर शहाबादी फरशा उभ्या बसवा. घरात पडलेले फरशीचे तुकडेही चालतात. खालची फरशी गुळगुळीत नको. कोबा केला तर तो ओला असताना सुतळीने रेघा ओढा, पाय घसरत नाही. उतार दर फुटाला पाव इंच, म्हणजे ४ फुटांना १ इंच. गवंडी पैसे मागायला आला की आधी एक तांब्या पाणी ओता आणि एक गोटी सोडा. पाणी आणि गोटी दोन्ही जाळीकडे गेली तर काम चोख झाले.

पाणी साठवायची टाकी न्हाणीत ठेवू नका, जागा जाते. धाब्यावरही ठेवू नका. ५०० लिटर पाणी म्हणजे ५०० किलो, म्हणजे ५ क्विंटल! ५ क्विंटल कापूस धाब्याच्या एकाच कोपऱ्यात कोणी रचील काय? टाकी बाहेर विटांच्या ओट्यावर ठेवा. भिंतीतून नळी आत घ्या आणि बादलीच्या वर येईल अशी तोटी बसवा. टाकीला झाकण हवे. आठवड्यातून एक दिवस ती घासून कोरडी करा. डेंग्यूचा डास असल्याच स्वच्छ साठवलेल्या पाण्यात अंडी घालतो.

हवा आणि उजेड हवाच. वर, डोक्याच्या उंचीच्या पुढे, एक फूट लांब-रुंद झरोका ठेवा. नाही तर भिंत कधी वाळत नाही. आणि हे नीट ऐका. लहान बंद न्हाणीत लाकडाचा बंब पेटवू नका. गॅसचा गिझरही आत लावू नका. त्यातून जो विषारी वायू निघतो त्याला रंग नाही, वास नाही. माणूस गुंगीत पडतो, हाक मारायचे भानही राहत नाही. पाणी बाहेर तापवा आणि आत न्या.

शेवटी सांडपाणी. ते गल्लीत सोडायचे म्हणजे आपली घाण शेजाऱ्याच्या दारात. घरापासून ५-६ फूट लांब ३ फूट लांब, रुंद आणि खोल असा शोषखड्डा करा. खाली मोठे दगड, वर लहान दगड भरा. तोंडाशी भोके पाडलेले मडके ठेवून त्यात काथ्या भरा. साबणाचा मळ त्यात अडकतो. तो काथ्या अधूनमधून बदला. पिण्याच्या पाण्याची विहीर किंवा हातपंप ३० फुटांहून जवळ नको. खाली मुरूम असेल तर पाणी लवकर मुरते. तापीकाठच्या काळ्या जमिनीत ते मुरत नाही. तिथे ते केळीला, अळूला द्या. जळगावच्या माणसाला केळी लावायला आम्ही काय शिकवावे? अंगण नसेल तर दोन शेजाऱ्यांनी मिळून एक खड्डा करा. मात्र न्हाणीचे पाणी संडासाच्या खड्ड्यात कधीही सोडू नका. तो खड्डा लवकर भरतो आणि आतला मळ सुकून खत होत नाही. संडास आणि न्हाणी शेजारी बांधायची असेल तर मधली भिंत एकच ठेवा. एका भिंतीचा खर्च आणि जागा वाचते. पण नळ्या दोन, आणि खड्डेही वेगळे.

हे सारे श्रीमंतांचे काम आहे, असे समजू नका. १९३६ च्या डिसेंबरात आपल्या फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. चित्रकार नंदलाल बसू यांनी तिथली सजावट बांबू आणि खेड्यात मिळणाऱ्या साध्या वस्तूंनी केली. गांधीजींनी तिचे कौतुक केले. जवळ काय आहे ते आधी पाहावे, मग कामाला लागावे, हाच धडा त्यातून घ्यायचा.

तर मग आज घरी गेल्यावर एवढे करा. मोरीतले सामान बाहेर काढा. राखेने रेघा मारा. माप कागदावर तुम्ही स्वतः लिहा. आता तुम्हाला लिहिता येते ना? आणि लिहिण्याआधी घरातल्या बाईला विचारा, तुला कुठे अडते? न्हाणीचे माप तिच्याइतके कोणालाच ठाऊक नसते.