धाप म्हणजे वय नव्हे

(महिला मंडळांच्या आरोग्य मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आरोग्याचा विषय निघाला की आपल्या बैठकांमध्ये बाळंतपण, पाळी, अंगावरून जाणं, रक्त कमी असणं यावर बोलणं होतं. ते व्हायलाच हवं. पण पन्नाशी उलटलेल्या बाईला चढ चढताना धाप का लागते, हा प्रश्न आपण फारसा विचारत नाही. ती स्वतःही विचारत नाही. "वय झालं आता," म्हणते आणि कळशी खाली ठेवून दोन मिनिटं थांबते.

मी डॉक्टर नाही, समाजकार्याचं शिक्षण घेतलेली कार्यकर्ती आहे. भोर तालुक्यातल्या डोंगराकडच्या काही वाड्यांमध्ये धाप लागणाऱ्यांचा एक गट आम्ही तीन वर्षं चालवतो आहोत. महिन्यातून एकदा, दुपारची कामं उरकल्यावर, शाळेच्या पडवीत जमतो. पंधरा-वीस बाया असतात, चार-पाच पुरुषही येतात. त्या गटात जे शिकायला मिळालं ते तुमच्यासमोर ठेवते.

यातल्या बहुतेकींना जो आजार आहे त्याला डॉक्टर सीओपीडी म्हणतात. फुफ्फुसात हवा नेणाऱ्या बारीक नळ्या वर्षानुवर्षांच्या धुरानं सुजतात, अरुंद होतात. आत घेतलेली हवा पुरती बाहेर पडत नाही, छातीत कोंडून राहते. झालेलं नुकसान भरून येत नाही, पण औषधानं आणि व्यायामानं त्रास पुष्कळ कमी करता येतो. हा बिडी-सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांचा आजार, असं फार वर्षं मानलं गेलं. आमच्या गटातल्या बायांपैकी एकीनंही कधी बिडी ओढलेली नाही. त्यांनी चूल फुंकली आहे. आठव्या-नवव्या वर्षी आईच्या शेजारी बसून सुरुवात, मग सासरी सकाळ-संध्याकाळ भाकरी, आंघोळीचं पाणी, गुरांचं आंबोण. पावसाळ्यात सरपण ओलं, दारं-खिडक्या बंद आणि कौलांखाली सगळा धूर कोंडलेला.

२०१६ साली भारतात सीओपीडीचे सुमारे साडेपाच कोटी रुग्ण असल्याचा अंदाज एका मोठ्या अभ्यासात मांडला गेला. या आजारानं होणाऱ्या हानीतला निम्म्याहून अधिक वाटा प्रदूषित हवेचा, म्हणजे बाहेरच्या हवेचा आणि घरातल्या धुराचा, आणि सुमारे पाव वाटा तंबाखूचा, असं त्यात दिसलं. मग या बाया दवाखान्याच्या कागदावर का दिसत नाहीत?

एक कारण असं, की दोन आठवड्यांहून जास्त खोकला असला तर आशाताई थुंकीची तपासणी करायला सांगते. ते योग्यच आहे. तपासणीत क्षय निघाला तर पुढची व्यवस्था आहे. "टीबी नाही" असं उत्तर आलं की मात्र बाई घरी परत येते. मग खोकला कशाचा, हे कुणी विचारत नाही. त्यासाठी जी नळीत जोरानं फुंकायची तपासणी लागते, स्पायरोमेट्री, ती बऱ्याच ठिकाणी जवळपास नसतेच. आमच्या एक मावशी म्हणाल्या, "जल्मभर फुंकणी फुंकली, तवा कुनी इचारलं न्हाई. आता म्हनं नळीत फुका."

दुसरं कारण अधिक खोल आहे. दगडखाणीत काम करणाऱ्याला सिलिकोसिस झाला तर कायदा त्याला कामातून आलेला आजार म्हणतो, भरपाईची तरतूद करतो. ती प्रत्यक्षात मिळवताना कामगारांना किती झगडावं लागतं हे आपण जाणतो, पण निदान हक्क मान्य आहे. चुलीपुढे चाळीस वर्षं बसलेल्या बाईला फुफ्फुसाचा आजार झाला तर ते कामाचं ठिकाण नव्हतं, कारण ते काम नव्हतं, तो संसार होता! २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात फुफ्फुसाचा जुनाट आजार नाही. बाईला अंगण झाडवत नाही, तरी तिच्या हाती कसलंही प्रमाणपत्र नाही.

आता गटात काय करतो ते सांगते. पहिली गोष्ट, श्वासाचा व्यायाम. नाकानं श्वास घ्यायचा आणि ओठांचा चंबू करून, गरम चहावर फुंकर घालावी तसा सावकाश सोडायचा. घेताना दोन मोजले तर सोडताना चार. पडवीत ३० मीटर अंतर आखलं आहे. तिथं ये-जा करत ६ मिनिटांत कोण किती चालली ते वहीत लिहितो. आपला आकडा वाढलेला पाहून बायांना जो आनंद होतो तो बघण्यासारखा असतो.

दुसरी गोष्ट पंपाची. "पंप लागला म्हणजे शेवट आला," "त्याची सवय लागते," हे घरोघर ऐकू येतं. पंपातलं औषध सरळ नळ्यांत जातं, म्हणून गोळीपेक्षा फारच थोडं लागतं. पण तो नीट ओढता यायला हवा. म्हणून दर बैठकीला प्रत्येकीनं तो ओढून दाखवायचा. स्टिरॉइडच्या पंपानंतर चूळ भरायची. ओठ-नखं निळसर दिसली, बोलताना वाक्य पुरं होईना, झापड यायला लागली, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठायचा. दवाखान्यात एकटीनं जायचं नाही, दोघींनी जायचं, हा नियम गटानंच केला.

तिसरी गोष्ट घरातली आहे आणि सर्वांत अवघड आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातल्या शंभरातल्या सुमारे ४३ घरांतच स्वच्छ इंधनावर स्वयंपाक होत होता. आमच्या वाड्यांमध्ये पुष्कळ घरी सिलिंडर आहे, पण तो चहापुरता, पाहुण्यांपुरता. भरून आणायचे पैसे पुरुषाच्या खिशात आणि सरपण आणायचे कष्ट बाईच्या डोक्यावर! म्हणून सरपण फुकट वाटतं. सासूची धाप वाढली की तिला चुलीपासून उठवतात आणि तिथं सून बसते. आजार घरातच पुढे सरकतो. म्हणून आम्ही सुनांना बोलावतो, मुलांनाही बोलावतो. दोन-तीन घरांत पाणी तापवायची चूल बाहेर पडवीत गेली. एका घरात मुलगा लाकडं फोडून पावसाआधी माळ्यावर सुकवतो. बदल लहान आहेत, पण वाद घालून मिळालेले आहेत.

सगळं गोड झालं असं नाही. गेल्या हिवाळ्यात आमच्या एक मावशी गेल्या. पंपाचा खर्च नको म्हणून घरच्यांनी तो बंद केला होता. दाखल्यावर कारण लिहिलं, "वृद्धापकाळ." त्यांचं वय अठ्ठावन्न होतं. ज्या आजाराचं नाव दाखल्यावर येत नाही, त्याच्यासाठी सरकार पैसा कशाला ठेवेल?

२०२३ साली असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमाची नव्यानं मांडणी झाली, त्यात सीओपीडी आणि दमा यांची नावं आहेत. तेव्हा मागणी करायला आपल्याला आधार आहे. ग्रामीण रुग्णालयात स्पायरोमेट्री हवी, पंप बाराही महिने मोफत हवेत आणि क्षय नाही असं कळलेल्या प्रत्येक बाईची पुढची तपासणी व्हायला हवी.

यासाठी प्रत्येक मंडळाला एक काम सांगते. पुढच्या बैठकीत विचारा, कळशी घेऊन येताना वाटेत किती वेळा थांबावं लागतं? किती वर्षं चुलीपुढे बसलात? फुंकायची तपासणी कधी झाली का? उत्तरं, नावं, वयं वहीत लिहा. दहा गावांच्या दहा वह्या झाल्या की आपण सगळ्याजणी मिळून त्या रुग्ण कल्याण समितीपुढे ठेवू.