मेसेज मालकाला, चिखल बटईदाराला

परंडा तालुक्यातल्या सोनारीहून, काळभैरवनाथाच्या गावातून बोलतोय. आजचा विषय अतिवृष्टीचं अनुदान. किती आलं, यावर पारावर भरपूर बोलून झालंय. मला बोलायचंय ते कुणाच्या खात्यात आलं, यावर.

सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला पूर आला. आपल्या भागात सोयाबीन पाण्यात गेलं, काही रानांतली तर मातीच खरडून गेली. ७ ऑक्टोबरला राज्य सरकारनं ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं.

आता हिशोब ऐका. कोरडवाहू पिकाला हेक्टरी ८,५०० रुपये, म्हणजे गुंठ्याला पंच्याऐंशीच्या आसपास. त्यावर रब्बीच्या बियाण्यासाठी हेक्टरी १०,००० जादा. मर्यादा ३ हेक्टरची. दोन्ही मिळून एकरी साधारण साडेसात हजार. सरकारी कागदात याला म्हणतात निविष्ठा अनुदान. निविष्ठा म्हणजे बियाणं, खत, औषध. बुडालेल्या पिकाची ही किंमत नाहीच. पुढची पेरणी करता यावी म्हणून दिलेला हातभार आहे.

मग प्रश्न असा, की पुढची पेरणी करणार कोण?

पंचनामा होतो, तलाठ्याकडून यादी तहसीलला जाते आणि पैसे खातेदाराच्या आधार जोडलेल्या खात्यात थेट पडतात. मधे कुणाचा हात नाही, हे चांगलंच झालं. पण खातेदार म्हणजे सातबाऱ्यावर ज्याचं नाव, तो. बटईनं रान करणारा या यादीत कुठंच नसतो.

आमच्या भावकीतल्या एका काकांचंच बघा. चार एकर निम्म्या वाट्यानं करतात. बियाणं, खत निम्मं त्यांचं, राबणूक सगळी त्यांची. सोयाबीन कुजलं तेव्हा चिखलात तेच उभे होते. अनुदानाचा मेसेज वाजला मालकाच्या फोनवर, पुण्यात.

मालक वाईट आहे, असं मी म्हणत नाही. बटई तोंडी असते, त्याला कारण आहे. मराठवाड्यात १९५० चा हैदराबादचा कूळकायदा आला. कसणाऱ्याला हक्क मिळावा म्हणून तो होता. पण तेव्हापासून ‘लिहून दिलं तर कूळ लागेल’ ही भीती घराघरात बसली. कायदा कसणाऱ्यासाठी केला आणि कागदावरून कसणाराच गायब झाला.

ऐकणाऱ्यांत बरेच जण पुण्यात, मुंबईत नोकरीला आहात. गावाकडचं रान कुणीतरी करतंय. तुमच्या किंवा वडिलांच्या फोनवर असा मेसेज आला असेल, तर रान करणाऱ्याला एक फोन लावा. ‘दादा, पैसे आलेत, निम्मे पाठवतो,’ एवढंच म्हणा. पीक निम्म्यानं, तर नुकसानही निम्म्यानंच धरायला हवं ना? रब्बीचे १०,००० तर जो पेरणार त्याच्याच हातात पडायला हवेत.

आणि पुढच्या वर्षी बटई ठरवताना आधीच बोलून घ्या: अनुदान आलं तर वाटा कसा? चार माणसांसमोर ठरलेला शब्द गावात अजून चालतो.

तुमच्याकडं कसं ठरतं, व्हॉइस नोट पाठवून सांगा. भेटू पुढच्या भागात. राम राम!