उभी बाटली, आडवी बाटली

मुंबईत सरकार बनतं, पडतं, पक्ष फुटतात. ते आपण टीव्हीवर बघतोच. पण राज्याचा कारभार आपल्या दारात कसा चालतो हे समजून घ्यायचं, तर गावातलं देशी दारूचं दुकान बघावं.

दारू हा विषय राज्यघटनेनं राज्यांकडे दिलाय. परवाना राज्य देतं, कर राज्याच्या तिजोरीत जातो. आणि आपल्याच राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदाही आहे! एकच खातं दारूवर लक्ष ठेवतं आणि तिच्यातून महसूलही गोळा करतं. पुढची सगळी ओढाताण इथूनच सुरू होते.

दुकान बंद करायचा अधिकार आपल्याला २००८ च्या सरकारी आदेशानं दिला. गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी सह्या करून मागणी करायची. सह्यांची पडताळणी होते, मग गुप्त मतदान. चिठ्ठीवर दोन चित्रं: उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद.

खरी मेख मोजणीत आहे. आलेल्या बायकांपैकी निम्म्या पुरत नाहीत. यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त लागतात. समजा यादीत ८०० बायका आहेत. मतदानाला आल्या ५००, त्यातल्या ३९० जणींनी आडवी केली. तरी दुकान चालूच! ४०१ हव्या होत्या. आमदार निवडताना असा नियम नाही, तिथं पडलेल्या मतांत ज्याला जास्त तो जिंकतो. इथं मात्र घरी राहिलेली बाई उभ्या बाटलीकडेच मोजली जाते. ऊसतोडीला गेलेली, सासरी गेलेली, वारलेली, सगळ्याच. आम्हाला हा नियम अन्यायाचा वाटतो, पण आज तोच आहे.

बरं, यानं फक्त परवान्याचं दुकान बंद होतं. हातभट्टीला कुठलं मतदान?

जिल्ह्याची दारूबंदी हा आणखी वेगळा मामला. वर्ध्यात ती १९७५ पासून, गडचिरोलीत १९९३ पासून आहे. चंद्रपूरच्या बायका त्यासाठी चिमूरहून नागपूरच्या विधानभवनावर पायी गेल्या. १ एप्रिल २०१५ ला बंदी लागू झाली. २०१९ मध्ये सरकार बदललं आणि २०२१ मध्ये मंत्रिमंडळानं ती उठवली. अवैध दारू वाढली, महसूल बुडाला, अशी कारणं दिली. बायकांनी कित्येक वर्षं लढून मिळवलेलं एका बैठकीत गेलं, कारण ते मंत्रिमंडळाच्या निर्णयावर उभं होतं. म्हणून सरकार कोणाचंही असो, आपला विषय कायद्यात आहे, आदेशात आहे की नुसत्या आश्वासनात, हे आमदाराला विचारलंच पाहिजे.

आणि सह्यांच्या आधी मतदार यादी हातात घ्या. बीएलओकडे ती बघायला मिळते. वारलेल्यांची आणि गाव सोडून गेलेल्यांची नावं कमी करायला ७ नंबरचा फॉर्म, १८ पूर्ण झालेल्या लेकीसुनांसाठी ६ नंबरचा. दोघी दोघींनी एकेक वॉर्ड वाटून घ्या आणि नावं वाचत जा: ही आहे, ही वारली, ही नाशकात दिली.