प्रार्थनेच्या नावाखाली

तुम्ही नागपुरात असा, बडोद्यात असा किंवा नोकरीसाठी बंगळुरूला गेलेले असा, आज थोडा वेळ आपण देवाच्या वचनासमोर बसणार आहोत. विषय आहे, जिभेवर ताबा.

हा विषय निघाला की आपल्याला शिव्या आठवतात, खोटं बोलणं आठवतं, रागाचा भडका आठवतो. मी शिवी देत नाही. त्यामुळे बरीच वर्षं मला वाटायचं की हा संदेश शेजारी बसलेल्या भावासाठी आहे. पण माझी जीभ घसरली ती प्रार्थनासभेत, मांडीवर पवित्र शास्त्र उघडं असताना.

आमच्या मंडळीतल्या एका भगिनीने मला विश्वासाने आपलं दुःख सांगितलं होतं. तिच्या मुलाने कॉलेज सोडलं होतं, तो दारू प्यायला लागला होता. बुधवारच्या सभेत विनंत्या सांगायची वेळ आली. मी म्हणालो, "आपल्या या भगिनीसाठी प्रार्थना करा, घरात फार अडचण आहे." तिथे थांबलो असतो तरी चाललं असतं. कोणीतरी विचारलं, "का हो, काय झालं?" आणि मी सगळं सांगितलं. आवाज हळू होता, चेहरा गंभीर होता. खरं सांगू? आपल्याला आतलं माहीत आहे, याचा मनात थोडा आनंदही होता.

रविवारपर्यंत ते मंडळीभर झालं. त्या मुलाला ते तरुण संघातल्या एका पोराच्या तोंडून कळलं. तो यायचा बंद झाला. मग त्याची आईही. स्त्रियांच्या बाजूची तिसऱ्या बाकावरची तिची जागा रिकामी दिसू लागली. आणि मी काय केलं? कुटुंबप्रार्थनेत मोठ्याने म्हणालो, "प्रभू, तिला परत आण." आमेन झाल्यावर बायको म्हणाली, "तिला घालवलं कोणी, तेही देवाला सांगितलंत का?"

प्रियांनो, गणना या पुस्तकाचा 12वा अध्याय काढा. मिर्याम आणि अहरोन आपल्या भावाविरुद्ध, मोशेविरुद्ध बोलतात. कारण सांगतात त्याच्या बायकोचं. पण पुढच्याच वचनात खरं दुखणं बाहेर येतं : देव काय फक्त मोशेशीच बोलतो, आमच्याशी नाही का? तिथेच एक लहानसं वाक्य आहे, की परमेश्वराने ते ऐकलं. मोशे समोर असो वा नसो, ऐकणारा हजर होता.

ही मिर्याम कोण? निर्गमाच्या 15व्या अध्यायात समुद्र पार केल्यावर डफ हाती घेऊन स्त्रियांना स्तुतीगीतात पुढे नेणारी तीच. ज्या तोंडाने देवाची स्तुती केली, त्याच तोंडाने भावाची निंदा केली. याकोब आपल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात याचंच नवल करतो. एकाच झऱ्यातून गोड आणि कडू पाणी कसं निघेल, असं तो विचारतो. तो हे बाहेरच्यांना विचारत नाही, "माझ्या बंधूंनो" म्हणून आपल्याला विचारतो.

पुढे काय झालं ते पाहा. मिर्यामेला कोड फुटलं आणि तिला 7 दिवस छावणीबाहेर राहावं लागलं. ती परत येईपर्यंत लोकांनी मुक्काम हलवला नाही. वचनदत्त देशाकडे निघालेलं अख्खं राष्ट्र थांबलं. आपल्या मंडळ्या पुढे का जात नाहीत, असं आपण विचारतो. पैसा कमी आहे, तरुण येत नाहीत, असं म्हणतो. कोणाच्या बोलण्याने मुक्काम अडलाय, हेही एकदा विचारूया.

आणि मिर्यामेसाठी प्रार्थना कोणी केली? ज्याच्याविरुद्ध ती बोलली होती, त्या मोशेने. मूळ इब्री भाषेत ती प्रार्थना अवघ्या 5 शब्दांची आहे.

मी त्या भगिनीच्या घरी गेलो. तिने पाणी दिलं, चहा ठेवला. मी क्षमा मागितली; पण जीभ किती चलाख असते बघा, क्षमा मागतानाही म्हणालो, "ताई, मी प्रार्थनेसाठीच सांगितलं होतं हो." तिने शांतपणे विचारलं, "मग भाऊ, केलीत का प्रार्थना?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या बुधवारी विनंत्याच इतक्या लांबल्या की प्रार्थना घाईत आटोपली. घरी येऊन त्या मुलाचं नाव घेऊन मी एकदाही गुडघे टेकले नव्हते. सगळ्यांना सांगितलं होतं, फक्त देवाला सांगितलं नव्हतं. ती म्हणाली, "मला अजून राग येतो तुमचा. पण तुमचं नाव घेऊन मी रोज प्रार्थना करते."

पुढे ती मंडळीत परत आली. मुलगा अजून आलेला नाही. शब्दाला क्षमा मिळते, पण तो शब्द आपल्या वाटेने चालत राहतो.

तेव्हापासून मी एक नियम पाळतो. ज्याच्यासाठी मी एकट्याने प्रार्थना केलेली नाही, त्याचं नाव सभेत काढायचं नाही. केली असेल, तरी त्याला विचारल्याशिवाय काढायचं नाही. नाव न घेताही प्रार्थना होते. देवाला घर माहीत आहे. कोणाची चूक दिसली तर मत्तय 18:15 मध्ये प्रभूने वाट सांगितली आहे : आधी त्याच्याकडे एकट्याने जा. कोणी आपल्याजवळ दुसऱ्याचं सांगू लागलं, तर म्हणा, "चला, आत्ताच त्यांच्यासाठी प्रार्थना करू." बरंचसं बोलणं तिथेच संपतं. मात्र कोणावर अत्याचार होत असेल, तर तो झाकणं म्हणजे जिभेवरचा ताबा नव्हे. तिथे जो थांबवू शकेल त्याला सांगितलंच पाहिजे.

हे आपल्या बळाने होत नाही. स्तोत्र 141 मध्ये दावीद आपल्या तोंडावर पहारा ठेवायला परमेश्वरालाच विनवतो. आपणही विनवूया.

हे प्रभू, ज्यांच्याविषयी आम्ही बोललो पण ज्यांच्यासाठी प्रार्थना केली नाही, त्यांची नावं आज आम्हाला आठवू दे. त्यांच्या दारी जाण्याचं धैर्य दे. आमच्या तोंडावर तूच राखणदार हो. येशूच्या नावाने मागतो, आमेन.