लिहिणाऱ्याचा शब्द आणि ऐकणाऱ्याचा कान

(नाशिक येथे नवोदित लेखकांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर, वाचकांसाठी)



ह्या बैठकीत मला बोलावयास सांगण्यात आले, ते मी साहित्यिक आहे म्हणून खचितच नव्हे. माझी लेखणी दावे, कैफियती आणि प्रतिज्ञापत्रे लिहिण्यात झिजत आली आहे. परंतु वकिलाचा निम्मा धंदा बोलण्याचा असला, तरी उरलेला निम्मा ऐकण्याचा असतो, आणि आपल्या बैठकीत ज्या गोष्टीची मला उणीव भासते ती ऐकण्याचीच आहे. लिहिणारे आपल्याकडे पुष्कळ झाले आहेत. पहिल्या पिढीने अक्षर मिळविले, दुसरीने नोकरी मिळविली, आणि तिसरी आता वही घेऊन आपल्यापुढे बसली आहे. तिचे आपण काय करतो, एवढाच आजचा प्रश्न आहे.

एक उदाहरण सांगतो. मुलीचे नाव सांगत नाही. ते सांगण्याचे कारणही नाही. अंबडच्या एका कारखान्याच्या कचेरीत ती काम करते. तिने एका बैठकीत कथा वाचली. कथेतील मुलगी भाड्याने खोली शोधते. दलाल तिला जात विचारीत नाही. तो आडनाव विचारतो, मग मूळ गाव विचारतो, आणि शेवटी अगदी सहज, घरात फोटो कोणाचा लावता, असे विचारतो. घरमालकीण चहा देते, खोली दाखविते, ‘उद्या कळविते’ असे सांगते. दुसऱ्या दिवशी फोन वाजत राहतो आणि कोणी उचलीत नाही. कथा तेथे संपते.

वाचन झाल्यावर अभिप्राय सुरू झाले. एक गृहस्थ म्हणाले, “फार छान.” दुसऱ्यांनी भाषा शुद्ध करावी असे सांगितले, ‘आजी म्हन्ली’ असे कागदावर शोभत नाही म्हणाले. तिसरे ज्येष्ठ होते. त्यांनी विचारले, “ह्यात विद्रोह कोठे आहे? आपल्या माणसांनी काय सोसले ते कोठे आहे? एखादा पाणवठा घाल, एखादा बहिष्कार घाल.” मुलीने मान डोलावली. पुढील बैठकीस तिने सुधारलेली कथा आणली. आजी शुद्ध बोलू लागली होती. गावचा पाणवठा आला होता, घागर आली होती, काठी घेतलेला पाटील आला होता. फोन मात्र गेला होता. त्यास जागाच उरली नव्हती. ती विहीर त्या मुलीने आयुष्यात पाहिलेली नव्हती, आणि ऐकणाऱ्या प्रत्येकास ते कळले. ज्येष्ठांनाही कळले असावे, कारण ते गप्प बसले.

न्यायालयात अशा साक्षीदारास आम्ही ‘पढवलेला साक्षीदार’ म्हणतो. तो खोटेच बोलत असतो असे नाही. पुष्कळदा त्याची मूळ हकीकत शंभर टक्के खरी असते. पण कोणा हितचिंतकाने ती अधिक परिणामकारक करावी म्हणून त्याच्या तोंडी दोन वाक्ये घातलेली असतात. उलटतपासात विरुद्ध बाजूचा वकील नेमकी तीच दोन वाक्ये धरतो. विहीर कोणत्या बाजूस होती? दोर किती लांब होता? साक्षीदार चाचरतो, आणि त्या दोन वाक्यांबरोबर त्याचे खरे बोलणेही वाहून जाते. वाचक हा विरुद्ध बाजूचा वकील नसला, तरी त्याचा कान तितकाच तिखट असतो.

म्हणूनच साक्षीपुराव्याच्या कायद्याने एक शहाणपणाची तरतूद करून ठेवली आहे. १८७२ च्या कायद्यात ती होती, आणि १ जुलै २०२४ पासून त्याची जागा घेणाऱ्या भारतीय साक्ष अधिनियमातही ती आहे. सरतपासात, म्हणजे आपल्याच साक्षीदारास प्रश्न करताना, विरुद्ध बाजूने हरकत घेतल्यास न्यायालयाच्या परवानगीवाचून सूचक प्रश्न विचारता येत नाही. ज्या प्रश्नातच हवे ते उत्तर दडलेले असते तो सूचक प्रश्न. ‘पाटलाने काठी मारली ना?’ असे विचारावयाचे नाही. ‘पुढे काय झाले?’ असे विचारावयाचे. नवलेखकाच्या वहीपुढे आपण बसतो तेव्हा आपण त्याच्याच बाजूचे असतो. आपले काम सरतपासाचे असते. ‘विद्रोह कोठे आहे?’ हा सूचक प्रश्न झाला. ‘फोन वाजत होता तेव्हा ती कोठे उभी होती?’ असे कोणी विचारले असते, तर त्या मुलीने कदाचित घरी जाऊन आणखी एक पान लिहिले असते, आणि ते तिचे असते.

वाचकहो, हे केवळ वाङ्मयाच्या आवडीनिवडीचे भांडण नाही. पाणवठ्यावर अडविणे हा गुन्हा आहे. त्यासाठी संविधानाचे सतरावे कलम आहे, १९५५ चा आणि १९८९ चा कायदा आहे. पण न उचललेला फोन न्यायालयापुढे सिद्ध कसा करावयाचा? घरमालकीण म्हणेल, खोली आधीच दिली होती. दलाल म्हणेल, मी जात विचारलीच नाही, आणि ते अक्षरशः खरे असेल. ज्या अन्यायाची नोंद न्यायालयाच्या दफ्तरात होऊ शकत नाही, त्याची नोंद त्या मुलीच्या वहीत झाली होती. ती आपण आपल्या हाताने खोडावयास लावली.

आता कोणी म्हणेल, की जुन्यांनी तर विहिरी आणि बहिष्कारच लिहिले. त्यांनी लिहिले, कारण त्यांनी ते पाहिले. बाबूराव बागूल आपल्या विहितगावचे. ज्या १९३० साली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला त्याच साली त्यांचा जन्म. त्यांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह १९६३ साली आला. त्यातील शीर्षककथेचा नायक रेल्वेत नोकरीस लागलेला तरुण आहे; जात लपवून तो एका घरी राहतो आणि ती उघड होताच मार खातो. नीट पाहा, म्हणजे दिसेल की तीही खोलीचीच कथा आहे. आपल्या ह्या मुलीने साठ वर्षांनी त्याच खोलीचे दार ठोठावले. फक्त आता कोणी मारीत नाही, कोणी दारही लावीत नाही, नुसता फोन उचलला जात नाही. बागूलांचा वारसा तिने चालविला होता तो पहिल्या कथेत. दुसऱ्या कथेत तिने केवळ त्यांच्या काळाची नक्कल केली. आपल्या शहराचे दिवंगत कवी अरुण काळे यांनी ‘सायरनचे शहर’ आणि ‘नंतर आलेले लोक’ ही नावे आपल्या संग्रहांस दिली, ती काय उगीच? नंतर आलेल्यांना नंतरचेच लिहावे लागते.

नक्कल करूच नये, असे मात्र माझे म्हणणे नाही. नवशिक्याने थोडी नक्कल केली तर कोणी डोळे वटारू नयेत. वामनदादा कर्डक सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे. त्यांचा जन्म १९२२ चा. तारुण्यात येईपर्यंत त्यांस अक्षरओळख नव्हती; मुंबईत कोणी पत्र वाचावयास दिले असता ते वाचता येईना, त्या लाजेतून ते शिकले, दुकानांच्या पाट्या वाचीत शिकले. १९४३ साली त्यांनी पहिले गीत रचले, ते एका हिंदी गीताचे विडंबन होते. म्हणजे चाल उसनी आणि साचाही उसनाच. परंतु ते गीत वहीत राहिले नाही. ते लोकांसमोर गेले, आणि त्यानंतर २००४ साली देहावसान होईपर्यंत वामनदादा लोकांसमोरच गात राहिले. वस्तीतील श्रोता अभिप्राय लिहून देत नाही. ओळ लागली तर तो ती दुसऱ्या दिवशी कामावर गुणगुणतो, न लागली तर विडी पेटवून उठून जातो. ह्यापेक्षा सरळ अभिप्राय मला तरी ठाऊक नाही. त्याच जिल्ह्यातील भीमराव कर्डक यांनी आंबेडकरी जलशांविषयी पुस्तक लिहून ठेवले आहे. ज्यांस आपल्या ह्या परंपरेची ओळख नाही त्यांनी ते अवश्य मिळवून वाचावे.

ज्यांस श्रोता मिळत नाही त्यांचे काय होते, हेही पाहावे. फलटणच्या बेबीताई कांबळे दुकान सांभाळता सांभाळता लिहीत, आणि घरच्यांच्या दृष्टीस पडू नयेत म्हणून कागद लपवून ठेवीत. सुमारे दोन दशके ते लिखाण तसेच राहिले. पुढे मॅक्सीन बर्नसन ह्या अभ्यासक बाईंनी ते पाहिले, आग्रह धरला, आणि १९८२ साली ‘स्त्री’ मासिकातून ‘जिणं आमुचं’ क्रमशः प्रसिद्ध होऊ लागले. १९८६ साली पुस्तक झाले. त्यातील वस्तीची बोली कोणी इस्त्री करून सरळ केली असती तर आज त्या पुस्तकाचे काय उरले असते, ह्याचा विचार ‘आजी म्हन्ली’ खोडणाऱ्यांनी करावा. शुद्धलेखनास माझा विरोध नाही. निवेदनात ‘आणि’ व ‘पाणी’ नीट लिहावे. मी स्वतः ऱ्हस्व-दीर्घाबद्दल चिकित्सक आहे. पण साक्षीदार जे बोलला ते कारकुनाने आपल्या भाषेत उतरविले, की साक्ष कारकुनाची होते. भगवान बुद्धांच्या संघातही हा प्रश्न उपस्थित झाला होता. नाना कुळांतील भिक्खू आपापल्या बोलीत बुद्धवचन बिघडवितात, तेव्हा ते छंदस् भाषेत बांधावे, अशी सूचना ब्राह्मण कुळात जन्मलेल्या दोन भिक्खूंनी केली. चुल्लवग्गात नोंद आहे की बुद्धांनी ती नाकारली आणि स्वतःच्या भाषेत शिकण्याची अनुज्ञा दिली. ‘स्वतःची’ म्हणजे कोणाची, ह्यावर टीकाकारांत मतभेद आहेत. पण छंदसाला नकार मिळाला ह्याविषयी नाहीत.

मग लेखकाने कोणाचे ऐकावे आणि कोणाचे ऐकू नये? ह्या बाबतीत बाबासाहेबांच्या चरित्रातील दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत. १९३६ साली लाहोरच्या जातपाततोडक मंडळाने त्यांस अध्यक्ष म्हणून बोलाविले, आणि भाषण वाचून झाल्यावर त्यातील काही भाग गाळावा अशी गळ घातली. बाबासाहेबांनी स्वल्पविरामही बदलणार नाही असे कळविले. परिषद रद्द झाली. भाषण त्यांनी स्वखर्चाने छापले. ही गोष्ट आपणां सर्वांस पाठ आहे, आणि आपले तरुण लेखक तिचा दाखला फार लवकर देतात. दुसरी गोष्ट तितकी सांगितली जात नाही. बुद्ध आणि त्यांच्या धम्मावरील ग्रंथ १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, प्रसिद्ध झाला. पण त्याच्या कितीतरी आधी त्याच्या पन्नास प्रती खासगी वितरणासाठी छापण्यात आल्या होत्या, आणि त्यानंतरही ग्रंथावर काम चालूच राहिले. लाहोरला स्वल्पविराम न देणारा पुरुष आपल्या ग्रंथाचा कच्चा पाठ पन्नास जणांच्या हाती देतो. ह्यात विसंगती नाही. मंडळास त्यांचे मत कापावयाचे होते. ह्या पन्नास वाचकांपुढे लिखाण पारखले जाणार होते. ज्याने अद्याप पन्नास जणांस दाखविलेले नाही, त्याने स्वल्पविरामाची भाषा बोलू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

डॉ. गंगाधर पानतावणे यांनी ‘अस्मितादर्श’चे मेळावे १९७४ पासून भरविले. त्यांचे नाव ‘लेखक-वाचक मेळावा’ असे होते. वाचकास नावातच जागा दिली होती. आपल्या बैठकांत वाचक म्हणून कोणी येतच नाही. प्रत्येकजण आपली वही मांडीवर घेऊन आपली पाळी कधी येते ह्याची वाट पाहतो, आणि दुसऱ्याचे वाचन संपले की टाळी वाजवितो. ही टाळी म्हणजे हात मोकळे करून घेणे होय.

ह्यावर उपाय दूर शोधावयास नको. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासात आपल्या विहारांतून सायंकाळी धम्मग्रंथाचे वाचन होते. म्हाताऱ्या बायाही तासभर स्वस्थ बसून ऐकतात. ऐकण्याची सवय आपणांस आहे. आणि वर्षावास जेथे संपतो तेथे विनयात पवारणा सांगितली आहे. तीन महिने एकत्र राहिलेले भिक्खू त्या दिवशी संघासमोर हात जोडून विनंती करतात, की माझ्या वागण्यात तुम्ही काही पाहिले असेल, ऐकले असेल, किंवा तुम्हांस शंका आली असेल, तर माझ्यावर अनुकंपा म्हणून सांगा. आपल्या शहराजवळील त्रिरश्मी लेण्यांत, दोन हजार वर्षांपूर्वी, वर्षावास करणाऱ्या भिक्खूंसाठी दाने दिल्याचे लेख कोरलेले आहेत. तेव्हा ही विनंती त्या डोंगरावरही झाली असेल, असे मानावयास हरकत नाही. तीत दोष दाखविणारा आपण होऊन पुढे येत नाही. ज्याचा दोष दाखवावयाचा तोच मागणी करतो. पाहिलेले निराळे, ऐकलेले निराळे आणि शंका निराळी, हा भेदही तेथे राखलेला आहे. आपला अभिप्राय देणारा आपली शंका निकालपत्रासारखी वाचून दाखवितो.

पवारणेत आणखी एक नियम आहे, आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. विनंती प्रथम ज्येष्ठ भिक्खू करतो, आणि नवे त्याच्या मागून.

तेव्हा माझी सूचना एवढीच आहे, की येत्या बैठकीत पहिले वाचन आपल्यातील ज्येष्ठांचे व्हावे. छापून आलेले त्यांनी वाचू नये. जे अपुरे आहे, जे जमत नाही, ते आणावे, आणि नव्यांनी त्यांस प्रश्न विचारावेत. त्या मुलीलाही निरोप पाठविला आहे. दोन्ही कथा घेऊन ये, असे कळविले आहे. पहिली वही तिने फाडली नसेल, अशी आशा आहे.