औषधदान आणि औषधांचा खर्च
(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेले भाषण)



मी डॉक्टर नाही, औषधविक्रेताही नाही. चाळीस वर्षे कापड मोजीत आलेला एक व्यापारी आहे. आरोग्यविषयक व्याख्यानासाठी माझे नाव सुचविले गेले तेव्हा मलाच नवल वाटले. परंतु विषय औषधांच्या खर्चाचा आहे, आणि खर्च हा विषय व्यापाऱ्यास परका नसतो, असे मानून मी होकार दिला.

आहारदान, औषधदान, शास्त्रदान आणि अभयदान ही चार दाने आपण बालपणापासून ऐकत आलो आहोत. आपल्या ट्रस्टनेही पन्नास वर्षांत औषधदानात हात आखडता घेतलेला नाही. शस्त्रक्रियांना साहाय्य झाले, नेत्रशिबिरे झाली, दात्यांची नावे दर्शनी भिंतीवरील संगमरवरी फलकावर कोरली गेली. रोज सकाळी घ्यावयाच्या रक्तदाबाच्या एका गोळीसाठी मात्र आजवर कोणी फलक लावलेला नाही. माझे आजचे म्हणणे त्या गोळीविषयी आहे.

आमच्या दुकानात एक दिवाणजी होते. एकतीस वर्षे त्यांनी वह्या लिहिल्या, एका पैशाची चूक कधी निघाली नाही. त्यांना रक्तदाब व मधुमेह दोन्ही होते. एके सकाळी जमाखर्च लिहिताना त्यांच्या हातातून पेन गळून पडले, ते उचलण्यासाठी उजवा हात हलेना. पक्षाघाताचा झटका होता. जीव वाचला, उजवा हात पुन्हा पूर्वीसारखा झाला नाही. रुग्णालयातून घरी आल्यावर मी त्यांना गोळ्यांविषयी विचारले. ते म्हणाले, "अण्णा, गोळी बंद केली नव्हती. एक दिवसाआड घेत होतो. महिन्याच्या गोळ्या दोन महिने पुरायच्या." पुढे त्यांच्या मेजाच्या खणात औषधाच्या पट्ट्या सापडल्या. प्रत्येक गोळीसमोर बारीक अक्षरात तारीख घातलेली होती, एक सोडून एक. हिशेबी माणूस! औषधांचे महिन्याचे बिल सुमारे तेराशे रुपये होते. दर दिवाळीला मी त्यांना बक्षिसी देत होतो, मिठाई देत होतो. हे बिल कधी विचारले नाही.

त्यानंतर मी त्यांची चिठ्ठी घेऊन डॉक्टरांकडे गेलो आणि संकोच सोडून विचारले, "यांतील कोणती औषधे स्वस्त पर्यायात मिळतील?" चिठ्ठीवर आधीची चार औषधे होती. दोन औषधे डॉक्टरांनी मूळ नावाने लिहून दिली, ती जनऔषधी केंद्रातून आणली. तिसरे एक शक्तिवर्धक होते, ते म्हणाले, "हे आता थांबवले तरी चालेल." चौथे त्यांनी पूर्वीच्याच कंपनीचे ठेवावयास सांगितले. झटक्यानंतर जी दोन नवी औषधे वाढली तीही मूळ नावानेच लिहिली गेली. औषधे वाढूनही बिल पाचशेच्या आत आले. हा प्रश्न मी एक वर्ष आधी विचारावयास हवा होता. गिरणीच्या दलालाशी वारामागे पाच पैशांसाठी वाद घालणारा मी, औषधाचे बिल कधी उलटून पाहत नव्हतो.

आता हा फरक पडतो कसा, ते आमच्या धंद्याच्या भाषेत सांगतो. इचलकरंजीच्या एकाच मागावर विणलेले कापड दोन व्यापाऱ्यांकडे जाते, दोघे आपापला छाप मारतात, आणि भाव निराळे होतात. औषधांतही हे घडते. पट्टीवर 'निर्माता' आणि 'विपणन' अशी दोन नावे पुष्कळदा वेगवेगळी दिसतील. हिमाचल प्रदेशातील बद्दीसारख्या ठिकाणचे कारखाने अनेक कंपन्यांसाठी औषधे तयार करतात. द्रव्य तेच, मात्रा तीच, नाव वेगळे, आणि छापील किंमत दुप्पट किंवा त्याहूनही अधिक असू शकते. ही गोष्ट नवी नाही. जयसुखलाल हाथी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९७५ सालीच औषधांची व्यापारी नावे टप्प्याटप्प्याने काढून टाकण्याची शिफारस केली होती. त्या शिफारशीलाही आता सुवर्णमहोत्सव झाला. नावे मात्र वाढतच गेली.

येथे कोणी म्हणेल, शासन किमती ठरविते ना? ठरविते. २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशानुसार अत्यावश्यक यादीतील औषधांना कमाल किंमत असते. ती काढण्याची रीत मात्र वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने पाहण्यासारखी आहे. ज्यांचा बाजारातील वाटा एक टक्का वा अधिक आहे अशा उत्पादनांच्या किमतींची सरासरी घ्यावयाची, आणि तीवर किरकोळ विक्रेत्याचा १६ टक्के नफा चढवावयाचा. १९९५ च्या आदेशात उत्पादनखर्च हा आधार होता; आता बाजारभाव हाच आधार. बी.कॉम.ला आम्ही परिव्यय लेखांकन शिकलो, त्यातील परिव्यय येथे कोठेच नाही. यादीबाहेरील औषधांची किंमत तर वर्षाला १० टक्क्यांपर्यंत वाढविता येते. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरील जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, त्याची आपण दुकानादुकानांत चर्चा केली. केवळ नावापोटी जे पैसे जातात त्यांची चर्चा कोणी केली नाही.

जनऔषधी योजना नोव्हेंबर २००८ मध्ये अमृतसर येथील पहिल्या केंद्राने सुरू झाली. प्रारंभीची काही वर्षे ती रखडली होती, माल मिळत नसे. आज देशात १५ हजारांहून अधिक केंद्रे आहेत आणि नामांकित औषधांच्या तुलनेत तेथील किमती ५० ते ९० टक्क्यांनी कमी असतात, असे शासन सांगते. रक्तदाबावरील ॲम्लोडिपिनची ५ मिलिग्रॅमची गोळी तेथे एक रुपयाच्या आत मिळते. 'जनऔषधि सुगम' या मोबाईल ॲपवर जवळचे केंद्र आणि औषधाचा दर पाहता येतो. हे काम नातवंडांकडे सोपवावे.

मात्र 'जेनेरिक' हा शब्द ऐकताच स्वस्ताई झाली, असे समजू नये. साध्या दुकानातही जेनेरिक म्हणून माल मिळतो, आणि त्यातील काहींवर छापील किंमत मोठीच असते. विक्रेत्याची खरेदी फार कमी दराने झालेली असते. मग '२० टक्के सूट' असा फलक लागतो. कापडाच्या सेलमध्ये आम्हीही थोडेफार हेच केलेले आहे, तेव्हा मी अधिक बोलत नाही! सूट किती, हे पाहण्यापेक्षा एका गोळीस किती पैसे पडले ते काढावे.

गुणवत्तेची शंका सर्वांच्या मनात असते आणि ती अनाठायी नाही. कापडाचा पोत बोटांनी कळतो, सूत ओढून पाहता येते, भिंगाखाली धागे मोजता येतात. गोळीचे तसे नाही. गिऱ्हाईक नावाकडे पाहते, कारण त्याच्यापाशी दुसरे साधन नसते. परंतु केंद्रीय औषध मानक नियंत्रण संस्था प्रमाणित दर्जाची न आढळलेल्या औषधांची यादी दरमहा प्रसिद्ध करते, आणि तीत नामांकित कंपन्यांची उत्पादनेही येऊन गेली आहेत. महाग नाव ही शुद्धतेची हमी नव्हे, तसेच स्वस्त किंमत हा भेसळीचा पुरावाही नव्हे. जनऔषधीच्या मालाची प्रत्येक खेप मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून मगच केंद्रांकडे पाठविली जाते, असे योजनेत बंधन आहे. औषध कोठूनही घ्या, पावती घ्या आणि तीवर बॅच क्रमांक आहे ना, ते पाहा.

एक सावधगिरी अत्यंत आवश्यक आहे. अपस्मार, थायरॉईड आणि रक्त पातळ ठेवणारी वॉरफॅरिनसारखी औषधे यांत अल्पशा फरकानेही त्रास होऊ शकतो. ती डॉक्टरांना विचारल्यावाचून बदलू नयेत. किंबहुना कोणतेच औषध परस्पर बदलू नये. औषध नियम, १९४५ प्रमाणे चिठ्ठीवरील औषधाऐवजी, द्रव्य तेच असले तरी, दुकानदारास आपल्या मर्जीने दुसरे देता येत नाही. म्हणून प्रश्न दुकानात नव्हे, तपासणीच्या खोलीत विचारावयाचा असतो. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेत २०१६ साली झालेल्या दुरुस्तीनुसार डॉक्टरांनी औषधाचे मूळ नाव सुवाच्य अक्षरांत लिहावे, असे अपेक्षित आहे. २०२३ मध्ये आलेले अधिक कडक नियम त्याच महिन्यात स्थगित झाले. तेव्हा आपणच नम्रपणे विचारावे. माझा अनुभव असा की डॉक्टर रागावत नाहीत. आपणच उगाच घाबरतो.

ओघात आले म्हणून सांगतो. कॅप्सूलचे वेष्टन बहुधा जिलेटिनचे, म्हणजे प्राणिज असते. आपल्यापैकी काहीजण त्यासाठी औषधच टाळतात, असे मला आढळले आहे. टाळू नये, तेच औषध गोळीच्या रूपात आहे का, हे डॉक्टरांना विचारावे.

विश्वस्तांपुढे माझी एक विनंती आहे. ध्रुवफंडाच्या व्याजातील काही हिस्सा रक्तदाब व मधुमेहाच्या नित्य औषधांसाठी राखून ठेवावा. साहाय्य रोख न देता दरमहा औषधेच द्यावीत, आणि घेणाऱ्याचे नाव कोठेही वाचले जाऊ नये. आमचे दिवाणजी स्वाभिमानी होते. अर्ज करावा लागला असता, तर त्यांनी तो केला नसता. पहिल्या वर्षाचा खर्च मी आमच्या दुकानातर्फे उचलीन. त्यासाठी फलक नको.

येत्या रविवारपासून सकाळी १० ते १२ या वेळेत धर्मशाळेच्या खालच्या खोलीत आपल्यातील एक निवृत्त औषधनिर्माते बसणार आहेत. येताना डॉक्टरांची चिठ्ठी, मागील महिन्याचे बिल आणि रिकाम्या पट्ट्या आणाव्यात. ते औषध बदलून देणार नाहीत. डॉक्टरांना काय विचारावयाचे ते कागदावर लिहून देतील. आणि घरात कोणी एक दिवसाआड गोळी घेत असेल, तर त्यांनाही सोबत आणावे.

जय जिनेंद्र.