पायाला बांधलेली चिठ्ठी



मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, म्हणजे पूर्वीचं प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम, आपल्यापैकी पुष्कळांनी शाळेच्या सहलीत पाहिलं असेल. १९२२ साली ते लोकांसाठी खुलं झालं. एकीकडे मूर्ती, लघुचित्रं, नाणी आणि दुसरीकडे काचेआड गवा, वाघ, धनेश, रोहित पक्ष्यांचा थवा. मुलांची गर्दी हटत नाही ती या काचेपुढून. आज मला मात्र तिथे जे मांडलेलं नसतं, त्याविषयी बोलायचं आहे.

या संग्रहालयाचा निसर्गविभाग उभा राहिला तो बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संग्रहातून. १८८३ साली स्थापन झालेल्या या संस्थेची हॉर्नबिल हाउस ही इमारत आज संग्रहालयाला लागूनच आहे. तिथल्या कपाटांत लाखाच्या वर नमुने आहेत. त्यातले बहुतेक लोकांसमोर कधीच येणार नाहीत. ते त्यासाठी ठेवलेलेच नाहीत.

पक्ष्यांचा एखादा खण ओढून पाहावा. आत पक्षी ओळीनं उताणे निजवलेले असतात. पंख अंगाशी मिटलेले, पाय एकमेकांना बांधलेले. काचेचे डोळे नाहीत. डोळ्यांच्या जागी नुसता कापूस. काचेआडचा पक्षी जिवंत वाटावा म्हणून कारागीर जीव ओततो, पण खणातल्या पक्ष्याला तशी काही ऐट नसते. त्याच्या पायाला दोऱ्यानं बांधलेली एक चिठ्ठी असते, बोटभर लांबीची. पक्षी कुठे मिळाला, कोणत्या तारखेला, कोणी मिळवला, नर की मादी. कित्येक जातींत नर-मादी बाहेरून ओळखू येत नाहीत. पक्षी उघडून पाहणाऱ्यानंच ते लिहून ठेवावं लागतं. डोळ्यांचा, चोचीचा, पायांचा रंगही तेव्हाच टिपायचा, कारण मेल्यावर तो उतरतो. पुढे शंभर वर्षांनी कोणी तो पक्षी हातात घेतला, तर ही माहिती सांगायला चिठ्ठीशिवाय दुसरं कोणी नसतं.

१९०८ च्या सुमारास एक मुलगा आपण मारलेली पिवळ्या गळ्याची चिमणी घेऊन या सोसायटीत आला. तिथले सचिव मिलार्ड यांनी त्याला हाकलून दिलं नाही. त्यांनी एकामागून एक खण उघडून त्याला चिमण्या दाखवल्या. तो मुलगा म्हणजे पक्षितज्ज्ञ सालिम अली. पुढे १९२६ साली याच संग्रहालयाच्या निसर्गविभागात लोकांना माहिती सांगण्याची नोकरी त्यांनी केली.

पायातल्या चिठ्ठीचं मोल किती, हे सांगणारी आता एका घुबडाची गोष्ट. आपल्या खानदेशातलीच आहे. रानपिंगळा नावाचं लहानसं घुबड आहे. १८७३ साली पक्षी-अभ्यासक ह्यूम यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. जगभरच्या संग्रहालयांत त्याचे नमुने मोजून सात. त्यातले काही जेम्स डेव्हिडसन या सनदी अधिकाऱ्यानं १८८० च्या दशकात खानदेशात मिळवले होते. त्यानंतर पक्षी जणू नाहीसाच झाला. सालिम अलींसारख्यांनीही शोधला, पण सापडला नाही. मधल्या काळातला एकच पुरावा होता: रिचर्ड माइनर्ट्झहागन या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याचा नमुना. त्याच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, गुजरातेत तापीकाठचं मांडवी, १९१४.

अमेरिकेच्या पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी इंग्लंडमधला तो नमुना बारकाईनं तपासला. कातडं सोलण्याची, पक्षी भरण्याची प्रत्येकाची एक हातोटी असते. वरून नव्यानं कापूस भरला, तरी जुन्या हाताच्या खुणा राहतातच. हा पक्षी डेव्हिडसनच्या हातचा निघाला. माइनर्ट्झहागननं तो तिथल्याच संग्रहालयातून लांबवला होता, पुन्हा भरला होता आणि खोटी चिठ्ठी बांधून आपल्या नावावर लावला होता. मला ही चोरी साध्या चोरीपेक्षा फार वाईट वाटते, कारण शोधणाऱ्यांना तिनं भलत्याच गावचा पत्ता दिला. रासमुसेन आणि त्यांचे सहकारी बेन किंग व डेव्हिड अ‍ॅबट यांनी तो पत्ता बाजूला ठेवला आणि खऱ्या चिठ्ठ्यांवरच्या गावांची वाट धरली. नोव्हेंबर १९९७ मध्ये, आजच्या नंदुरबार जिल्ह्यात, शहाद्याजवळ त्यांना रानपिंगळा झाडावर बसलेला दिसला. शेवटच्या खऱ्या नमुन्यानंतर ११३ वर्षांनी! त्यानंतर तो मेळघाटात आणि पार मुंबईजवळच्या तानसा अभयारण्यातही आढळला आहे.

हे खण सांभाळणं कष्टाचं काम आहे. मुंबईच्या पावसाळ्यात बुरशी धरते. कसर लागली तर तिच्या अळ्या पिसं आणि कातडं खाऊन भुगा करतात. म्हणून डांबरगोळ्या, म्हणून नवी आलेली वस्तू आधी काही दिवस शीतपेटीत. जुन्या काळी कातड्याला आतून सोमल चोळत असत, म्हणून आजही हातमोजे घातल्याशिवाय तिथे कोणी पक्ष्याला हात लावत नाही.

मूर्तींच्या बाबतीतही नोंदीचं मोल तेवढंच. मुंबईच्या याच संग्रहालयात सिंधमधल्या मीरपूर खासच्या स्तूपातल्या भाजलेल्या मातीच्या बुद्धमूर्ती आहेत. हेन्री कझिन्स यांनी १९०९-१० मध्ये तिथे उत्खनन केलं. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता. त्या स्तूपाच्या कोणत्या भागातून निघाल्या याची नोंद आहे, म्हणून स्तूप मनात पुन्हा उभा करता येतो. तेवढीच सुंदर एखादी मूर्ती बाजारातून फिरत आली, तर तिच्याबद्दल अंदाजच बांधत बसावं लागतं.

श्रोतेहो, आपल्यापैकी कोणाच्या घरी आजोबांनी जमवलेले शंख-शिंपले असतील, जुनी नाणी असतील, आजीच्या माहेरची भांडी असतील. ती कधी संग्रहालयाला द्यावी असं मनात आलं, तर देण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांशेजारी बसून घ्या. कुठून आलं, कोणी आणलं, साधारण कोणत्या साली, कशासाठी वापरत होते, हे विचारा. आठवत नसेल तर तसं लिहा, पण पदरचं काही घालू नका. कागद त्या वस्तूपाशीच ठेवा. आणि लिहा ते शिसपेन्सिलीनं. शाई ओलीनं पसरते.